स्टेरॉइड चालू असताना मोतीबिंदू: ऑपरेशन कधी करावं आणि बाकीचं शरीर कसं सांभाळावं?

कोरांटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंच लागतंय.

मला ल्यूपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. किडनीवर आला तेव्हा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा मोठा डोस सुरू झाला, मग हळूहळू कमी होत गेला पण पूर्ण असा कधी सुटलाच नाही. आता चाळिशी नुकतीच ओलांडली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्यात जास्त. डॉक्टरांनी सांगितलं स्टेरॉइडमुळे झालाय, भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध आहे.

त्रास असा की उन्हात बाहेर पडलं की समोरून येणाऱ्या माणसाचा चेहराच दिसत नाही, नुसता पांढरा फटक. बाई आहे की पुरुष हे कपड्यांवरून ओळखायचं आणि ओळखीचं माणूस असेल तर त्याने बोलल्यावर. संध्याकाळी घरात मात्र बरंच बरं दिसतं. वाचताना दिवा लावला तर आणखी धूसर, दिवा बंद केला तर अक्षरं जरा उठून दिसतात, हे घरात कुणाला खरंच वाटत नाही. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत मी तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचते, त्यामुळे घरच्यांचं म्हणणं "दिसतंय की तुला, एवढ्यात कशाला ऑपरेशन, पिकू दे अजून". आणि एक नातेवाईक रोज फोन करून सांगतात की आधी ते स्टेरॉइड बंद कर, सगळ्याचं मूळ तेच आहे.

तर विचारायचं हे की स्टेरॉइड घेत असताना कुणी ऑपरेशन केलंय का? थांबावं का करून टाकावं? लेन्स कुठली घेतलीत? आणि मोतीबिंदू सोडून बाकीचे जे काही होतं, चेहरा सुजणं, झोप उडणं, हाडं, ते तुम्ही कसं निभावता? सगळं लिहा, लांबलचक असलं तरी चालेल.

उनाड_वारा
स्टेरॉइड म्हणजे विषच. माझ्या ओळखीत एकाने बंद केलं आणि आज ठणठणीत आहे. नैसर्गिक उपचारांकडे वळा, डोळेही आपोआप सुधारतील.

शेवंती
उनाड_वारा, कृपया असं लिहू नका, कुणीतरी वाचून खरंच गोळ्या बंद करेल. तीनचार आठवड्यांपेक्षा जास्त स्टेरॉइड घेतलं की आपल्या किडनीवरच्या ज्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात त्या सुस्तावतात, त्यांना वाटतं बाहेरून येतंय तर आपण कशाला बनवायचं. मग गोळी एकदम थांबवली तर शरीरात कॉर्टिसॉल उरतच नाही. माझ्या बहिणीचं हेच झालं होतं, उलट्या, बीपी पार खाली, उठून उभं राहता येईना, थेट अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की बघ एकदा सोडून. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, पायरीपायरीने, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात सावकाश.

कोरांटी, तुला उत्तर नंतर सविस्तर लिहिते, आधी हे लिहिणं गरजेचं वाटलं.

उनाड_वारा
ठीक आहे, एकदम बंद करा असं म्हणायचं नव्हतं. पण मोतीबिंदूचं कारण तेच आहे ना? मग कमी केलं तर मोतीबिंदू मागे जाईल की.

नेत्रपल्लवी
नाही जात. मी डोळ्यांच्या तपासणीच्याच कामात आहे म्हणून लिहिते. एकदा भिंग गढूळ झालं की डोस कमी केल्याने ते पुन्हा स्वच्छ होत नाही, फार तर वाढण्याचा वेग कमी होईल. थेंबांनी, चूर्णांनी, व्यायामाने जात नाही. ऑपरेशन हाच उपाय. आणि ल्यूपस किडनीवर असताना डोळ्यासाठी स्टेरॉइड कमी करणं म्हणजे किडनी पणाला लावणं, किडनी बदलणं भिंग बदलण्याइतकं सोपं नाही. डोस कमी करता येईल का हा प्रश्न जरूर विचारा, पण तो ल्यूपसच्या डॉक्टरांना.

आता कोरांटी, तुमचं. तुम्ही जे सांगताय ते अगदी तंतोतंत या प्रकाराचं वर्णन आहे. ह्यात गढूळपणा भिंगाच्या मागच्या आवरणाला लागून, बरोबर मध्यभागी असतो. उजेडात बाहुली लहान होते आणि मग प्रकाशाला जायला तेवढा मधलाच रस्ता उरतो, जो नेमका गढूळ आहे. अंधारात बाहुली मोठी होते आणि कडेच्या स्वच्छ भागातून दिसतं. जवळचं बघतानाही बाहुली आकसते म्हणून वाचायला त्रास. त्यामुळे घरच्यांना सांगा की तुम्हाला दिवा लावल्यावर कमी दिसतं हे शंभर टक्के खरं आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत.

आणि अंधाऱ्या खोलीतला तक्ता तुमचा त्रास मोजतच नाही. डोळ्यावर प्रखर प्रकाश टाकून नजर तपासतात, तशी तपासणी करा म्हणून मागणी करा. मोठा फरक दिसेल.

"पिकू दे" हे जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातलं आहे. तेव्हा सगळं भिंग मोठी चीर घेऊन काढायचे, टाके घालायचे, भिंग बसवायची सोय नव्हती, म्हणून जाड चष्मा लागायचा आणि होईल तेवढं लांबवायचे. आता फेकोमध्ये अडीचतीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेतात. उलट फार पिकलं तर भिंग कडक होतं आणि काम अवघड होतं. निकष एकच, तुमची रोजची कामं अडतायत का. तुमची अडतायत.

जुना_रेडिओ
नेत्रपल्लवी ताई छान लिहिलंत. मी दम्यामुळे स्टेरॉइडचा इनहेलर घेतो, मधूनमधून गोळ्यांचे कोर्सही झाले, वयही आहे, त्यामुळे माझा मोतीबिंदू कशाने झाला ते सांगणं कठीण. दोन्ही डोळे झालेत, उत्तम दिसतं.

पण एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट सगळ्या पुरुष मंडळींसाठी. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल तर डोळ्याच्या सर्जनला ऑपरेशनच्या आधी सांगा, पूर्वी घेत होतात आणि आता बंद असेल तरी सांगा. त्या गोळीने बुबुळाचे स्नायू ढिले पडतात आणि ऑपरेशन चालू असताना बाहुली मध्येच आकसते, बुबुळ फडफडतं. हे २००५ साली लक्षात आलं. सर्जनला आधी माहीत असेल तर ते तयारीत राहतात, नाहीतर टेबलावर कळतं. मला कुणी विचारलं नव्हतं, मीच औषधांची यादी पुढे केली म्हणून निभावलं.

मधली_सुट्टी
हे माहीतच नव्हतं! बाबांचं पुढच्या महिन्यात आहे आणि ते नेमकं हेच घेतात. आत्ताच फोन करते.

शेवंती
कोरांटी, आले परत. मला स्नायूंचा आजार आहे, स्टेरॉइड वर्षानुवर्षं. आमचा एक ग्रुप आहे, भेटलो की पहिला प्रश्न "कितीवर आहेस?" आणि नवीन माणसाला वाटतं वय विचारतायत, आम्ही मिलिग्राम विचारत असतो :)

माझं जे काही चालतं ते लिहिते.

गोळी सकाळी, काहीतरी खाऊन, एकदाच. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही पहाटेच चढतं, त्यामुळे सकाळी घेतली की लय बिघडत नाही आणि रात्रीची झोप थोडी तरी टिकते. संध्याकाळी घेतली की पहाटेपर्यंत टक्क जागी. डॉक्टरांनी दोनदा विभागून दिली असेल तर मात्र स्वतः बदलू नकोस, विचार.

चेहरा. हे फार लागतं मनाला, आणि लोक सरळ तोंडावर बोलतात. जुना फोटो पाठवून "तू अशी होतीस" म्हणणारे भेटतात. मला एकच कळलं की ही सूज नव्हे, चरबीची जागा बदलते, गाल, मान, पोट. डोस खाली आला की उतरते, पण महिने लागतात. तोवर आरशाशी भांडू नये, आणि जे बोलतात त्यांना मी आता थेट सांगते की ह्या चेहऱ्यामुळे मी चालू शकते.

मूड. हे कुणी सांगत नाही. मोठ्या डोसवर मी रात्री दोनला कपाट लावायचे आणि सकाळी क्षुल्लक कारणावरून रडायचे. घरच्यांना आधी सांगून ठेवलंस तर त्यांनाही कळतं की हे औषध बोलतंय. फारच वाढलं, नको ते विचार यायला लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, ही लाजण्याची गोष्ट नाही.

हाडं. पहिल्या काही महिन्यांतच घनता सगळ्यात वेगाने कमी होते, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सुरुवातीपासून, आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. मला आठवड्यातून एकदा ॲलेन्ड्रोनेट ही हाडांची गोळी आहे, उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. किडनीचा त्रास असताना ही गोळी सगळ्यांना चालत नाही, तू विचारूनच. आणि जांघेत दुखायला लागलं, लंगडायला झालं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका कुणी, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, एमआरआयमध्ये लवकर कळतं, एक्स-रेत उशिरा.

साखर आणि बीपी घरी मोजते. सकाळच्या गोळीने साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे फक्त उपाशीपोटीची बघून निर्धास्त राहू नये.

लेकाची_आई
शेवंती ताई, मूडबद्दल लिहिलंत म्हणून मी पण लिहिते. माझ्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, लघवीतून प्रोटीन जातं. प्रत्येक वेळी उलटलं की स्टेरॉइडचा कोर्स. शांत मुलगा, पण मोठ्या डोसवर असला की शाळेतून तक्रारी, मारामाऱ्या, आणि भूक तर विचारू नका. शाळेत जाऊन बाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या जरा निवळल्या.

पण मला इथे वाचून धसका बसलाय. लहान मुलांनाही मोतीबिंदू होतो का ह्याने? आम्हाला उंची आणि वजन बघायला सांगितलंय, डोळ्यांचं कुणी बोललंच नाही. आणि तो काही दिवस उन्हात डोळे मिचकावतो, मला वाटलं सवय लागली.

नेत्रपल्लवी
लेकाची_आई, होऊ शकतो, मुलांनाही. घाबरू नका पण ह्याच आठवड्यात दाखवा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासायला सांगा. डोळे मिचकावण्याची कारणं बरीच असतात, ॲलर्जीसुद्धा. मोतीबिंदूइतकंच महत्त्वाचं म्हणजे डोळ्याचा दाब बघणं. काही जणांमध्ये स्टेरॉइडने दाब चढतो, काही आठवड्यांतही चढू शकतो, आणि त्याचं काहीच जाणवत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर परत मिळते, चढलेल्या दाबाने होणाऱ्या काचबिंदूने गेलेली मिळत नाही. म्हणून मला मोतीबिंदूपेक्षा दाबाची भीती जास्त वाटते.

सगळ्यांसाठीच सांगते, दाबाच्या बाबतीत गोळ्यांपेक्षा डोळ्यांत घालायचे स्टेरॉइडचे थेंब जास्त धोकादायक. डोळे खाजतात म्हणून एकदा लिहून दिलेली बाटली लोक वर्षभर आणून घालत राहतात, लगेच आराम पडतो ना. अशी शाळकरी मुलं मी पाहिली आहेत ज्यांच्या डोळ्याच्या नसेचं कायमचं नुकसान झालं होतं. कृपा करून जुनी चिठ्ठी दाखवून थेंब घेऊ नका. पापण्यांच्या आसपास लावायच्या स्टेरॉइड क्रीमलाही हेच लागू.

गणिती
थोडं अवांतर. हा योगायोग मला कायम चकित करतो. मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, काही दिवसांत ती चालायला लागली, आणि १९४९ मध्ये हे जगाला कळलं. त्यामागच्या संशोधकांना, हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन यांना, लगेच १९५० चं नोबेल. आणि त्याच १९४९ साली नोव्हेंबरात लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे त्या ॲक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे घुसून राहिलेले त्यांनी पाहिले होते, आणि डोळा ते तुकडे निमूट सहन करतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्याच क्षेत्रातल्या मोठ्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला.

स्टेरॉइडने मोतीबिंदू होतो हे १९६० मध्ये संधिवाताच्या रुग्णांवरून नोंदवलं गेलं. फेको १९६७ चं, चार्ल्स केलमन यांना दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्यावर दात साफ करायच्या अल्ट्रासाउंडच्या यंत्रावरून सुचलं. म्हणजे ज्या औषधाने आजार दिला त्याच्याच वयाचा उपायही आहे.

मधली_सुट्टी
अवांतर नाही हो, मस्त आहे. बाबांना वाचून दाखवलं, त्यांची भीती जरा कमी झाली. आणि सर्जनला टॅम्सुलोसिनचं कळवलं, त्यांनी नोंद करून घेतली. जुना_रेडिओ काका, मनापासून आभार.

आडवाट
लेन्सबद्दल कुणी बोललं नाही अजून. मला युव्हायटिस आहे, डोळ्याला आतून सूज येते, स्टेरॉइड त्यासाठीच, गोळ्या आणि थेंब दोन्ही. मला मल्टिफोकल घ्यायची फार इच्छा होती, चष्माच नको म्हणून. सर्जननी स्पष्ट नकार दिला. तेव्हा राग आला होता, आता पटतं. मल्टिफोकल प्रकाश वाटून देते, दूरचा थोडा, जवळचा थोडा, त्यामुळे कॉन्ट्रास्ट कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. मागच्या पडद्याचा (रेटिना), दाबाचा किंवा कोरडेपणाचा त्रास असलेल्या डोळ्याला ते झेपत नाही. साधी मोनोफोकल घेतली, लांबचं स्वच्छ, वाचायला चष्मा.

आणि माझ्या बाबतीत सूज निदान तीन महिने पूर्ण शांत असल्याशिवाय चाकू लावणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं. थांबणं जिवावर आलं पण त्यांनी मुद्दामच थांबवलं. त्यामुळे "करून टाका" असा सरसकट सल्ला मी देणार नाही. आजार शांत आहे का ते आधी.

जुना_रेडिओ
मल्टिफोकलबद्दल असहमत. माझ्या धाकट्या भावाने घेतली, वाचणं, गाडी, सगळं बिनचष्म्याचं चाललंय, अगदी खूश आहे.

आडवाट
काका, त्यांचा डोळा निरोगी असेल, फक्त मोतीबिंदू. त्यांना नक्कीच शोभते. कोरांटीला ल्यूपस आहे, त्यात डोळे कोरडे असण्याची शक्यता बरीच, म्हणून म्हटलं.

नेत्रपल्लवी
दोघांचंही बरोबर आहे. कोरडेपणाचा आणखी एक मुद्दा, लेन्सचा नंबर काढायला जी मोजमापं घेतात, बायोमेट्री, ती कोरड्या डोळ्यावर चुकतात. आधी कोरडेपणावर उपचार, मग मोजमाप. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्याही सांगितलेले दिवस आधीपासून काढून ठेवायच्या.

आणि चाळिशीच्या सुमाराला ऑपरेशन करणाऱ्यांना एक गोष्ट आधीच कळायला हवी. तुमच्या भिंगात अजून थोडी लवचिकता आहे, जवळचं-लांबचं ते स्वतः जुळवून घेतं. कृत्रिम भिंग जुळवून घेत नाही. त्यामुळे साठीच्या माणसाला जे बोनससारखं वाटतं ते तुम्हाला सुरुवातीला खटकेल, साधी मोनोफोकल घेतली तर वाचायला चष्मा लागेलच. हे आधी माहीत असलेला पेशंट समाधानी राहतो.

कोरांटी, तुम्ही ल्यूपससाठीचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही घेत असणार. त्यासाठी पडद्याची तपासणी वेगळी असते. ऑपरेशनच्या आधी पडद्याचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेला स्कॅन, झाला की दोन्ही कामं होतात, कारण पडदा चांगला असेल तरच भिंग बदलून फायदा.

कोरांटी
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. हो, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. नेत्रपल्लवी ताई, तुमचा बाहुलीचा परिच्छेद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. नवरा बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच म्हणाला अपॉइंटमेंट घेऊया. प्रकाश टाकून तपासलं तेव्हा उजव्या डोळ्याने मला वरचं मोठं अक्षर सोडून काही वाचता आलं नाही, आणि तो शेजारीच बसला होता.

ल्यूपस सध्या शांत आहे, ल्यूपसच्या डॉक्टरांनी लेखी होकार दिलाय. ऑपरेशनच्या सकाळी स्टेरॉइड घ्यायचं का? मोठ्या ऑपरेशनला जास्त देतात असं वाचलंय.

शेवंती
चुकवायचं तर मुळीच नाही. मोठ्या ऑपरेशनला, तापाला, उलट्यांना वाढवावं लागतं हे खरं. माझ्या मोतीबिंदूला थेंबांचीच भूल होती, नेहमीचाच डोस घ्यायला सांगितला. तू भूलतज्ज्ञांना विचार, आणि स्टेरॉइड चालू असल्याचं कार्ड पाकिटात ठेव, कायमच ठेव, अपघात वगैरे झाला तर बघणाऱ्याला कळायला हवं.

कोरांटी
उजवा डोळा झाला! थोडक्यात सांगते कारण अजून फार वेळ स्क्रीन बघायची नाहीये.

दुखलं नाही. फक्त थेंब घातले, झोपवलं, चेहऱ्यावर कापड, आणि वर तीन प्रखर दिवे. नंतर ते दिवे विरघळल्यासारखे झाले, पाण्याची धार जाणवत होती, यंत्राचा बारीक आवाज वर-खाली होत होता, आणि सर्जन सारखे सांगत होते "दिव्याकडे बघा, हलू नका". मला वाटलं आता सुरू होईल तर म्हणाले झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आधी डावा झाकून बघितलं, मग उजवा. डाव्याने भिंत पिवळट, उजव्याने पांढरी. भर दुपारी बाहेर उभी राहिले आणि समोरून येणाऱ्या बाईच्या कपाळावरची टिकली दिसली मला. मी रडले तिथेच, आणि लगेच आठवलं की डोळा चोळायचा नाही.

एक विचित्र वाटतंय, ऑपरेशननंतरच्या थेंबांतही स्टेरॉइडच आहे!

नेत्रपल्लवी
अभिनंदन!! हो, आतली सूज उतरायला ते लागतंच. दर आठवड्याला थेंब कमी होत जातात, तो तक्ता भिंतीवर लावा आणि स्वतःहून लांबवू नका, लवकर थांबवूही नका. दाब मोजायला सांगितलेल्या तारखेला जाच. डोळा लाल होऊन दुखायला लागला, नजर कमी झाली, विजेसारखे चमकारे किंवा अचानक खूप काळे ठिपके दिसले, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी. स्टेरॉइडमुळे जंतुसंसर्गाची लक्षणं कधीकधी सौम्य वाटतात, म्हणून "थोडंसंच दुखतंय" असं म्हणून थांबू नका.

आणि पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर वाटलं तर मोतीबिंदू परत आला असं समजू नका. भिंग ज्या पिशवीत बसवतात तिची मागची बाजू गढूळ होते, कमी वयात हे जास्त होतं. लेझरने काही मिनिटांत साफ होतं.

उनाड_वारा
कोरांटी ताई, मनापासून आनंद झाला. आईलाही दम्यासाठी इनहेलर आहे, मी तिचे डोळे दाखवून घेतो.

जुना_रेडिओ
जरूर दाखवा. आणि त्यांना स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून घ्यायला सांगा, नंतर चूळ भरायची. इनहेलर बंद नका करू.

लेकाची_आई
आमचंही सांगते. मुलाचे डोळे दाखवले. भिंग स्वच्छ आहे, पण दाब थोडा जास्त निघाला. किडनीच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं झालं, स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून दुसरं औषध जोडायचं ठरतंय, तोवर दाबाचे थेंब. दोन्ही डॉक्टर आता एकाच फाइलमध्ये लिहितायत. हा धागा वाचला नसता तर मी अजूनही त्याला डोळे मिचकावू नकोस म्हणून रागावत बसले असते.

कोरांटी
बरं झालं गं वेळेवर कळलं. पुढच्या तपासणीचं इथे नक्की लिही. माझा डावा डोळा उजव्याचे थेंब संपून दाब बघितल्यावर, तोपर्यंत एक डोळा पांढरा आणि एक पिवळा. कुणाला अजून काही विचारायचं असेल तर धागा चालू ठेवा, मी वाचतेय, मोठा फॉन्ट करून.